उमरीचा टॉवेल

शेवटची बादली बॉनेटवर ओतता ओतता श्रीमंतअप्पांनी आजच्या दिवसाची मिळकत मांडून पाहिली. उमरीला जायचं, धोंडप्पाच्या बैठकीत बसायचं, लग्नाची तारीख धरायची आणि संध्याकाळच्या आत अहमदपूरला परत. एवढ्या फेऱ्यात एक सून पदरात पडत होती. धोंडप्पाची लेक पुनम. पाहिलेली, पारखलेली, नर्सिंग शिकणारी. धोंडप्पा अर्ध्या आयुष्याचा मित्र, तो व्याही होत होता, म्हणजे दोस्तीवर शिक्का. शिवाय उमरीच्या चौकात ही गडद निळी गाडी थांबली की दोन-चार माणसं तिच्याभोवती एक चक्कर मारणार, हे अप्पांनी मोजलं सगळ्यात शेवटी, पण वजनाला ते कमी नव्हतं. जाणाऱ्या बाजूला काहीच दिसत नव्हतं. मोंढ्याच्या बाजारात दुसऱ्या कुणी असा सौदा सांगितला असता तर अप्पांनी आधी विचारलं असतं, मग यात बुडतंय कोण? आपल्या स्वतःच्या सौद्याला माणूस असलं काही विचारत नाही.

पाणी बोअरचं होतं, खारं. उन्हात आपोआप वाळू दिलं तर निळ्या रंगावर चुन्याचे ठिपके उठतात आणि मग ते नखानंही निघत नाहीत. म्हणून पुसायला चांगलं कापड पाहिजे होतं, आणि तेही लगेच.

मुलानं, शिवमनं, लातूरहून येताना मायक्रोफायबरचे दोन तुकडे आणले होते. लातूरला तो एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. अप्पांनी त्यातला एक तुकडा चिमटीत धरून उन्हात पाहिला.

"हे तर चष्मा पुसायचं फडकं हाय."

"अप्पा, ह्यानं ओरखडे पडत न्हाईत."

घरात टॉवेलांनी पेटी भरलेली असताना विकतचं फडकं वापरलं तर शेजारी काय म्हणतील, असं अप्पांचं म्हणणं पडलं. ते खोटंही नव्हतं. लग्नाला गेलेल्या पुरुष माणसाला टॉवेल-टोपीचा आहेर होतो. टोपी डोक्यावर टिकत नाही, टॉवेलानं कुणी अंग पुसत नाही. दोन्ही पेटीत जातात आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर चढतात. एक हिरवा टॉवेल आपल्याकडे दोनदा येऊन गेला आहे, याबद्दल अप्पांची खात्री होती. खत-बियाण्याचं दुकान असल्यामुळे त्यांना आमंत्रणंही फार. त्यामुळे पेटीचं झाकण वर बसल्याशिवाय लागत नसे.

त्यांनी बायकोला, रेणुकाबाईंना, हाक मारली. त्या दोन्ही हातांत मावतील तेवढे टॉवेल घेऊन आल्या आणि ओट्यावर ठेवून बाजूला उभ्या राहिल्या. सकाळपासून त्या गप्पच होत्या. उमरीला नेसायची साडी त्यांनी अजून काढली नव्हती, पण बायकांना साडी निवडायला वेळ लागतो, हे अप्पांनी संसारात शिकलेलं एक सत्य होतं.

अप्पा एकेक टॉवेल उलगडू लागले. टॉवेल हाताला लागला की देणाऱ्यानं आपल्याला कुठल्या रांगेत बसवलं ते कळतं, असा त्यांचा सिद्धांत. पहिला इस्लापूरच्या एका डीलरचा. खळीनं कडक, पाणी पिण्याऐवजी पुढं ढकलत गेला. असाच तो माणूस, उधारी पुढं ढकलणारा. दुसरा लाल. त्याला ओला हात लावताच तळवा गुलाबी झाला. तिसरा दिसायला गुबगुबीत, पण काचेवरून एकदा फिरवला तर मागं सगळी लव. हा सख्ख्या चुलत्याच्या घरचा होता, त्यामुळे अप्पांना नवल वाटलं नाही.

शिवम पाईप धरून नुसता उभा होता. चाकांवर तेच तेच पाणी मारत होता.

"न्हाई का ह्यात एकबी माणसासारखा?" अप्पा म्हणाले.

रेणुकाबाई आत गेल्या. पेटीकडे नाही, कपाटाकडे. तिथून एक टॉवेल आणून त्यांनी अप्पांच्या हातावर ठेवला. ठेवला, पण हात लगेच काढून घेतला नाही.

टॉवेल फिक्कट बदामी, जाड, सोलापुरी विणीचा होता. अप्पांनी तो बॉनेटवर टाकून एकच ओढ दिली. मागं थेंब राहिला नाही. ते खूश झाले, दुसरी ओढ दिली आणि घडी फिरवताना त्यांचा अंगठा कोपऱ्यावरच्या हळदी-कुंकवाला लागला. बोट लाल झालं. कुंकू जुनं नव्हतं.

"ह्याला म्हणावं टॉवेल. कुणाचा गं?"

"उमरीचा."

"उमरीचा? धोंडप्पाकडं काय कार्य झालं?"

"पुनमचा साखरपुडा झाला," रेणुकाबाई म्हणाल्या. "गेल्या गुरुवारी."

अप्पा आधी हसले.

"मग नवरदेव हितं पाईप धरून काय करून राहिला?"

कुणी हसलं नाही. शिवमनं जाऊन नळ बंद केला.

मग रेणुकाबाईंनी सांगितलं. त्यांनी बहुतेक हे पाठ करून ठेवलं असावं, कारण त्या कुठं अडखळल्या नाहीत. पोराचं मन दुसरीकडं होतं. पोरानं ते आईला सांगितलं. अप्पांनी मात्र धोंडप्पाला शब्द दिलेला, आणि अप्पा शब्द मोडणार नाहीत, हे सगळ्या तालुक्याला माहीत. पोर ऐकणार नाही, हे आईला माहीत. तेव्हा मायलेक उमरीला जाऊन धोंडप्पाच्या पाया पडले होते. धोंडप्पा बराच वेळ छताकडं बघत बसला आणि मग म्हणाला, त्याला मोडता येत न्हाई ना, मग मीच मोडतो. देगलूरचं एक स्थळ आधीपासून मागं लागलेलं होतं. त्यानं त्यांना हो कळवलं.

"साखरपुड्याला तू गेलतीस?"

"हाव. भावजी म्हणले, तुमच्या घरचं कुणी आलं न्हाई तर मला कसंतरी वाटंल."

"तू नांदेडला बहिणीकडं गेलतीस. डोळे दाखवायला."

रेणुकाबाईंनी ओट्यावरचे टॉवेल गोळा करायला घेतले.

"मग डोळे?"

"डोळे बरे हायत."

एवढ्या मोठ्या फसवणुकीत अप्पांना नेमकं हेच सगळ्यात जास्त लागलं. त्या गुरुवारी त्यांनी स्वतः एस.टी. स्टँडवर बायकोला खिडकीजवळची जागा धरून दिली होती आणि उन्हानं डोळ्यांना त्रास नको म्हणून आपला काळा चष्मा दिला होता. तो चष्मा घालून ती उमरीला उतरली. आणि धोंडप्पा! परवाच फोनवर पाऊण तास सोयाबीनच्या भावावर बोलला होता. शेवटी दर वेळेसारखं म्हणाला होता, तब्येतीला जप.

"अप्पा, मी सांगणार व्हतो," शिवम म्हणाला.

"कवा? नातू मांडीवर दिल्यावर?"

शिवमनं मान खाली घातली नाही. ती कोण, हे अप्पांनी विचारलं नव्हतं, तरी त्यानं नाव सांगितलं. धम्मप्रिया. त्याच्याच क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. नाव सांगून तो थांबला. अप्पांनी आडनाव विचारलं नाही. नावातूनच त्यांना जे कळायचं ते कळलं होतं आणि आपल्याला ते कळलं, हे समोरच्याला कळलं होतं.

"तिच्या घरी?"

"त्यांना मी जाऊन सांगितलं. हितलंच राह्यलं व्हतं."

म्हणजे लातूरच्या एका घरात माहीत, उमरीच्या घरात माहीत, देगलूरच्या घरात माहीत. अप्पांनी हातातल्या टॉवेलाची घडी घातली. ती वाकडी आली, ती मोडून पुन्हा घातली.

"मला एकदा सांगायचं व्हतं," ते बायकोला म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणले असता?"

काय म्हणालो असतो ते अप्पांना माहीत होतं. दरम्यान टपावरचं पाणी वाळून त्यावर ठिपके धरले होते, पण तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

फोन घेऊन ते घरामागं गेले. धोंडप्पासाठी त्यांनी तीन वाक्यं तयार केली. पहिलं दोस्तीवर, दुसरं पाठीत वार करण्यावर, तिसरं कायमचं तोंड न बघण्यावर. घंटी बराच वेळ वाजली.

"काका, नमस्कार. बाबा शेताकडं गेलेत, फोन घरीच राह्यला."

पुनम होती. तिन्ही वाक्यं अप्पांच्या तोंडात तशीच राहिली.

"काकूंनी सांगितलं वाटतं," ती म्हणाली.

"हाव."

 मग तिनं सरळ आवाजात विचारलं, "टॉवेल चांगला निघाला का? बाबा दुकानात गठ्ठ्यातलेच घ्यायलते. मी म्हणलं, काकांना तसला नगं. चार-पाच उलगडून बघितले."

"चांगला हाय."

"पाणी पितो?"

"पितो."

देगलूरचा मुलगा कसा आहे, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे का, याचा अप्पांनी विचार केला आणि दुसरंच विचारलं.

"तुझं कालेज कसं चाललं?"

"सोडलं की, काका. परीक्षा मार्चमधी हाय, आन् त्यांनी लग्न बी मार्चमधीच धरलंय."

"शेवटचं वर्ष ना? त्यांना म्हणावं, थांबा जरा."

"कोण म्हणंल?"

तिनं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. खरंच कोण म्हणेल, हे तिला जाणून घ्यायचं असावं. तिचा बाप म्हणू शकत नव्हता. घाईघाईत लेक देणारा बाप अटी घालत नाही. शिवम, रेणुका, कुणाचाच तो विषय नव्हता. स्वतः अप्पा आता तिचे कुणीच लागत नव्हते.

"काका, शिवमला सांगा, माझा राग न्हाई. तुम्ही आन् बाबांनी ठरवलं तवा मी नववीत व्हते. मैत्रिणी अजून मला अहमदपूरवाली म्हणूनच हाका मारतात." ती थोडी हसली. "सवय मोडंल त्यांची हळूहळू."

कुणीतरी तिला आतून हाक मारली. तिनं ठेवते म्हटलं आणि फोन ठेवला.

अप्पांनी फोन खिशात टाकला. नववीतल्या पोरीचा चेहरा आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. त्या दिवशी उमरीच्या बैठकीत तिनं चहाचे कप आणून ठेवले होते, एवढं आठवलं. चेहरा आठवला नाही. तिच्याकडे बघायचं कारणच नव्हतं. बोलणं दोन मित्रांत चाललं होतं.

रेणुकाबाई दाराशी आल्या. भावजी काय म्हणाले, असं त्यांनी हळूच विचारलं.

"भावजी न्हवते. पुनम व्हती."

"काय म्हणली?"

अप्पांच्या मनात आधी मांडणी होऊन गेली, सवयच ती. शिवमला पाहिजे ती मिळाली. रेणुकेला पोरगा घरातला घरात राहिला. धोंडप्पाच्या नावावर दोस्तासाठी कमीपणा घेतल्याचं पुण्य जमा झालं. खुद्द अप्पांचा शब्द शाबूत राहिला, वर जन्मभर रुसून बसायचा हक्क मिळाला, आणि तो आज त्यांच्याकडून कुणी काढून घेणार नव्हतं. दोन्ही घरांत एकाचंही काही गेलं नाही. सगळं भरलं त्या पोरीनं, आणि पहिल्यांदा ठरवताना तिला विचारलं नव्हतं ते अप्पांनीच.