डागातून उमटलेले कडे

मी एक जुनी काचेची पट्टी आहे, मित्रांनो. खरे तर दोन पातळ काचा, आणि त्यांच्यामधल्या केसाहून बारीक फटीत भरलेला द्रवस्फटिक. हा पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे काडीसारखे रेणू शिस्तीने एकाच दिशेला तोंड करून राहतात. टीव्हीच्या पडद्यात असतो तोच हा.

मला घडवले चिकटबाईंनी. हाती घेतलेले काम सोडत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत त्यांना हेच नाव पडले होते. रेणू रांगेत राहावेत म्हणून त्यांनी माझ्या काचा मखमलीने एकाच दिशेने घासल्या आणि मायेने जोडल्या. तरी धुळीचा एक कण आत राहिलाच. त्याच्याभोवती माझे रेणू पाकळ्यांसारखे चहूबाजूंना वळले. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे काळी फुली दिसली.

"हीही वाया गेली," त्यांचे सर म्हणाले. "उद्या तपासणीला पाहुणे येतायत. दाखवायला काही नसलं तर हे काम बंद होईल."

"टाकण्याआधी लेसर सोडून बघू का?" बाईंनी विचारले.

"डागातून काय दिसणार? डागच."

"मग डाग बघू."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बाईंनी माझ्या मागेपुढे प्रकाश गाळणाऱ्या काचा लावल्या आणि किरण नेमका फुलीवर धरला. भिंतीवर ठिपका पडायला हवा होता. पडले ते कडे! भोवती लखलखाट, मधोमध मिट्ट काळोख.

"धुळीची सावली असणार," सर म्हणाले, पण खुर्चीतून उठले.

"यात साधा किरण मिसळते. सावली असेल तर नुसती वर्तुळं दिसतील. प्रकाश दोरीसारखा पिळला गेला असेल तर मळसूत्र, म्हणजे गोल फिरत बाहेर जाणारी रेघ दिसेल."

बाईंनी किरण मिसळला. भिंतीवर स्वच्छ मळसूत्र उमटले. माझ्या वळलेल्या रेणूंमधून जाताना प्रकाशालाच पीळ पडला होता.

सर भिंतीपाशी गेले. मग म्हणाले, "बाई, पिळलेल्या प्रकाशाने बारीक कण गरगर फिरवता येतात! अशा आणखी पट्ट्या करा."

"मुद्दाम डाग पाडून?"

"मुद्दाम. आणि मी मघाशी काय म्हणालो ते विसरा."

"ते नाही विसरणार, सर," बाई म्हणाल्या, आणि दोघेही हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर मी ताठ मानेने उभी राहिले. काम बंद पडले नाहीच, उलट शेजारची खोलीही आम्हाला मिळाली.

आता मी मऊ कापडात, खणात असते. माझ्या धाकट्या बहिणी मात्र रोज प्रकाशाला पीळ घालतात. मित्रांनो, काच नेहमी कडेने धरा, जपून ठेवा. आणि तिच्यात डाग दिसलाच, तर फेकायची घाई करू नका. आधी दिवा लावा आणि भिंतीकडे बघा.