रविवारी खुंटीवर

मी लमार होस्टेटरची शिकारीची टोपी बोलतेय. रंगाने भडक नारिंगी. हरणांना हा रंग उठून दिसत नाही म्हणतात. तो माणसांसाठी आहे, एका माणसाने दुसऱ्याला हरीण समजू नये म्हणून. एवढंच माझं काम. तेही मला जमलं असं म्हणवत नाही.

लमारच्या बायकोने, व्हर्नाने, मला गावातल्या बंदुकांच्या दुकानातून आणलं आणि आतून लोकरीचं अस्तर लावलं. हंगामात सोमवार ते शनिवार मी त्याच्या डोक्यावर असे. रविवारी मात्र मागच्या दाराजवळच्या खुंटीवर. अमेरिकेतल्या आमच्या पेनसिल्व्हेनियात त्या दिवशी हरणांची शिकार बंद असायची. चर्चहून आल्यावर लमार निवांत झऱ्यापर्यंत फिरून यायचा. जन्मभराची सवय.

मग कायदा बदलायची चर्चा सुरू झाली. सहा दिवस बार काढता तेवढे पुरे, एक दिवस रान गप्प राहू द्या, असं व्हर्नाचं म्हणणं. लमार मात्र गावच्या सभेत उभा राहून बोलला. त्याची मुलगी डॉर्कस गोदामात शनिवारीही राबते. तिने बापाच्या रानात यायचं तरी कधी? कोणीतरी मागून म्हणालं, "म्हाताऱ्या, पोरीला जेवायला बोलवायचं तर सरळ बोलव ना." सगळे हसले, तोही हसला.

कायदा बदलला.

हंगामातल्या पहिल्याच रविवारी डॉर्कस सकाळी आली आणि आपली नारिंगी टोपी घालून, बंदूक घेऊन टेकडीपलीकडे जाऊन बसली. दुपारी लमारने तपकिरी कोट चढवला.

"गारठा आहे, डोकं झाक," व्हर्ना भांडी विसळत म्हणाली.

त्याची बोटं माझ्या कडेला लागली. "ही कशाला? आज रविवार आहे," असं म्हणून त्याने शेजारची तपकिरी लोकरी टोपी घेतली. व्हर्नानेही मान डोलावली.

मला ओरडता आलं असतं तर! पण टोपीला नुसतं दिसता येतं, आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

झऱ्याच्या बाजूने बार ऐकू आला. "पोरीला मिळालं वाटतं," व्हर्ना खुशीत म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर पडली.

डॉर्कसची गोळी लमारच्या खांद्यात लागली होती. तो वाचला. हरणामागे मी टेकडी उतरायला नको होती, असं डॉर्कस म्हणते. नारिंगी टोपी घालायची माझीच राहिली, असं तो म्हणतो. कायदा चुकला असं तो अजूनही म्हणत नाही, आणि मलाही ठामपणे काही सांगता येत नाही. डॉर्कस आता बंदूक न घेता येते, त्याच्या ताटातलं मांस कापून देते. दोघं ताटाकडेच बघत असतात.

लमार रानात जात नाही. रविवारी मला घालून मागच्या पायरीवर बसतो. शेजारच्या रानात बार झाला की त्याचं कपाळ माझ्या आत घामेजतं. मी तिथे असून त्याचा धीर वाढतो का, कोण जाणे.

तुम्ही त्या रस्त्याने गेलात, तर लांबूनच एकदा हात वर करा. तो तुम्हाला दिसतोय, एवढं त्याला कळू द्या.