हेमावतीचं औषध

"मला दवाखान्यातलं नको. तुझं लाव," म्हणत चंद्रव्वानं पाय पुढं केला. बाभळीचा काटा मोडून टाचेत पू झाला होता. मैंदर्गीत कुणालाच न दाखवता ती एस.टी.नं थेट लेकीच्या शुक्रवार पेठेतल्या खोलीवर आली होती.

"अव्वा, त्याचं अजून औषध झालेलं नाही."

"मग गावात मी काय सांगत बसलीया? माझी हेमा औषध करती म्हणून?"

हेमावती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि उरलेला सगळा वेळ संशोधनात जायचा. कार्बनच्या कड्यात नायट्रोजन आणि गंधक बसवून तिनं कितीतरी संयुगं तयार केली होती. बहुतेकांनी जंतूंना काहीच केलं नाही. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र कड्याच्या एका कोपऱ्याला क्लोरीन जोडला आणि पहिल्यांदा जंतू मेले. त्याच आनंदात तिनं आईला सांगून टाकलं होतं.

"जंतू मरत्यात म्हनलीस की."

"काचेच्या बशीत मरतात. माणसाच्या अंगात ते काय करील, कुणालाच ठाऊक नाही. तुझ्या पायावर मी ते बघणार नाही."

चंद्रव्वानं पाय मागं घेतला. "चांगली चांगली स्थळं परत पाठवली मी. म्हनलं, लेकीचं लई मोठं काम चाललंय. आन् माझ्याच पायाला लावाया काय न्हाय?"

हेमावती उठली. खाली जाऊन तिनं टांगा आणला.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाचेला चीर देऊन पू काढला, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू केली. ते दिवस मायलेकी कामापुरतंच बोलल्या. जखम भरत आली.

गावी परतायच्या सकाळी चंद्रव्वा अचानक म्हणाली, "तुझं कालिज तरी दाव."

प्रयोगशाळेत हेमावतीनं झाकण लावलेली एक बशी तिच्यासमोर धरली. आत पिवळसर थर पसरला होता. मधोमध कागदाची टिकली, आणि टिकलीभोवती अंगठीएवढी स्वच्छ जागा.

"हे पिवळं म्हंजी जंतू?"

"व्हय. टिकलीत माझं संयुग हाय. तिच्याजवळ त्यांना वाढता आलं न्हाय."

"एवढंच?"

"एवढंच, अव्वा."

चंद्रव्वानं बशी मागून घेतली. एस.टी.ची वेळ होत आली होती, तरी ती स्टुलावर टेकली. बशी मांडीवर ठेवून बघत राहिली. खिडकीतून ऊन आत आलं, तसा तिनं बशीवर हात आडवा धरला.