लेन्स तपासायला ठेवलेला कॅमेरा

मित्रांनो, मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास विचारतो, "अरे, याचं तोंड कुठं गेलं?" त्यात त्याची चूक नाही. लेन्स काढून ठेवली की मी दिसतोच तसा. समोर एक गोल भोक आणि आत अंधार! मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला दुकानात नुसतं 'बॉडी' म्हणतात. माझ्या अंगावरचं रबर दोन ठिकाणी सुटलंय, एका कोपऱ्याचा रंग उडालाय, आणि मागची स्क्रीन इतकी लहान आहे की हल्लीची मुलं तिला पोस्टाचं तिकीट म्हणतात. म्हणू देत बापडी. मी काही रडगाणं गायला बसलेलो नाही. मला चार माणसांचे आभार मानायचे आहेत, आणि त्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. डोक्याला टोपी बांधलेल्या एका बाईंनी माझ्या तोंडाच्या कडेला एक बारीकशी दांडी बसवली. दिसायला स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखी. तिच्यामागे माझ्या पोटात एक छोटी मोटर आहे. लेन्स लावली की ही दांडी लेन्सच्या मागच्या खाचेत जाऊन बसते, आणि बटण अर्धं दाबलं की गरागरा फिरून लेन्सला फोकस करायला लावते. घर्रर्र असा आवाज होतो. पुढं काय झालं, कंपन्यांनी स्वस्तातल्या कॅमेऱ्यांतून ही मोटर काढून टाकली आणि ती नव्या लेन्सच्याच पोटात घातली. कॅमेरे हलके झाले, किंमत उतरली, लोक खूश झाले. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं नशीब या दांडीवर फिरलं.

माझे पहिले मालक वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते. माणूस प्रेमळ, पण धसमुसळा. मला खांद्याला लटकवून ते धावत सुटायचे आणि मी दारावर, खांबावर, कधी एखाद्या पुढाऱ्याच्या पोटावर आपटायचो. मॅचेस, मोर्चे, बक्षीस समारंभ, आगी, सगळं मी पाहिलं. रोज सकाळी माझं काम छापून घरोघरी जायचं. "पठ्ठ्या कधी दगा देत नाही," असं म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारायचे तेव्हा काय बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग ऑफिसात नवे कॅमेरे आले आणि मी कपाटात गेलो. दुःख कपाटाचं नव्हतं. मला ठेवताना कुणी पोटातली बॅटरी काढली नाही, हे दुःख होतं. ती तिथंच फुगली, आणि माझं पोट असं काही बिघडलं की विचारू नका. पुढं ऑफिसची अडगळ विकायला काढली त्यात मीही गेलो आणि एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात येऊन पडलो.

तिथला दुकानदार म्हणजे देवमाणूस. दाढीच्या मऊ ब्रशनं त्यानं माझा कोपरान् कोपरा झाडला, फुगलेली बॅटरी हलक्या हातानं सोडवली, नवी घातली. मी सुरू झालो तेव्हा त्याच्या तोंडून "शाब्बास!" निघालं. पण गिऱ्हाईक काही मिळेना. लोक यायचे, माझे मेगापिक्सेल विचारायचे, नाक मुरडायचे आणि शेजारचा नवा कॅमेरा बघायला लागायचे. शेवटी दुकानदारानं मला काउंटरवर ठेवून दिलं. कुणी जुनी लेन्स विकायला आणली की ती आधी माझ्यावर लावून बघायची, चालली तर ठेवून घ्यायची. झालं, हेच माझं काम. किती लेन्स आल्या आणि गेल्या! हॉटेलातल्या खुर्चीसारखी माझी गत. बसायचे सगळे, राहायचं कुणीच नाही.

एके दिवशी दुपारी दुकानात तिघंजण आली. पुढं सूनबाई, गळ्यात नवाकोरा कॅमेरा. तिच्या हाताला झोंबत तिची लेक, जिला घरात ठमी म्हणत. आणि मागे, पाय ओढत आल्यासारखे, सूनबाईचे सासरे, म्हणजे बाबा. त्यांच्या हातात मऊ कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ते काउंटरवर ठेवायला ते तयारच नव्हते.

"बाबा, द्या ना," सूनबाई हळूच म्हणाली.

कापडातून निघाली एक लेन्स. आखूड, जाडजूड, पुढची काच चांगली मोठी. मी जन्मभर लेन्स बघितल्यात, पण इतकी निगा राखलेली बघितली नव्हती. काचेवर एक बोट उमटलेलं असेल तर शपथ.

"विकायचीय," बाबा म्हणाले. "पण आधीच सांगतो, ती चालत नाही. भाव त्या हिशेबानं लावा."

बोलता बोलता सगळी हकिगत बाहेर आली. बाबांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता आणि लहान मुलांचे फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण ते सगळं रिळाच्या कॅमेऱ्यावर. ती रिळं धुऊन देणारी लॅब बंद पडली आणि स्टुडिओही बंद पडायच्या बेताला आला. मुलगा कामानिमित्त दूर. तेव्हा सूनबाईनं पदर खोचला, म्हणजे नोकरी सांभाळून स्टुडिओ हातात घेतला आणि साठवलेल्या पैशांतून नवा कॅमेरा आणला. त्याच्याबरोबर मिळालेली लेन्स मंद उजेडात कच खायची. मूल जरा हललं की फोटो पुसट. "काळजी कशाला? माझी लेन्स आहे की," असं म्हणून बाबांनी आपली लाडकी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढवली. आणि ती हलेचना! हातानं फिरवून फोकस करायला जावं, तर आता डोळे साथ देईनात. मुलांचे फोटो एकामागून एक बिघडले. त्या दिवसापासून बाबांनी कॅमेरा हातात घेणं सोडलं. दारापाशी खुर्ची टाकून गप्प बसायचे, आणि आलेल्या माणसाला आत बोट दाखवायचे.

"ती म्हातारी झाली आणि मीही," बाबा म्हणाले. "दोघंही बाद. हिचे जे येतील त्यात थोडे घालून सूनबाईला नवी लेन्स द्या, म्हणजे मी सुटलो."

दुकानदारानं लेन्स उजेडात धरून बघितली आणि सवयीनं मला उचललं. खट्ट करून लेन्स माझ्यावर बसली. माझी दांडी खाचेत शिरली. त्यानं बटण अर्धं दाबलं.

घर्रर्र!

मित्रांनो, बाबांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दुकानदाराकडे. "परत दाबा," ते म्हणाले. परत घर्रर्र. "अहो, परत दाबा!" लेन्स झोकात पुढं गेली, मागे आली आणि समोरच्या कॅलेंडरवर नेमकी थांबली.

"काका, लेन्स ठणठणीत आहे," दुकानदार हसून म्हणाला. "तुमच्या नव्या कॅमेऱ्यात तिला फिरवणारी मोटरच नाही. घेताना विचारलं नव्हतंत?"

"विचारलं होतं ना!" सूनबाई कळवळून म्हणाली. "ही लेन्स याला बसेल का, असं मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, बसेल. आणि बसतेच आहे की हो!"

बरोबरच होतं तिचं. लेन्स बसत होती, फक्त फिरत नव्हती. बसेल का हे विचारलं, फिरेल का हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि एवढ्याशा गोष्टीपायी एका जित्याजागत्या माणसानं स्वतःला मोडीत काढलं होतं. मला तर इतकं भरून आलं, की रडता येत असतं तर माझी बॅटरी भिजली असती.

पण एवढ्यानं प्रश्न सुटत नव्हता. पैसे मोजके होते. लेन्स विकून नव्या कॅमेऱ्याला साजेशी दुसरी लेन्स घ्यायची, म्हणजे बाबांची लेन्स गेली. नाहीतर लेन्स ठेवून नवा कॅमेरा इथं विकायचा आणि माझ्यासारखा जुना न्यायचा, म्हणजे मोठी स्क्रीन गेली, व्हिडिओ गेला, गॅरंटी गेली. दोन्ही ठेवणं परवडणारं नव्हतं. सूनबाईनं मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं. सुटलेलं रबर बघितलं.

"बाबा, हा कधी मान टाकेल याचा नेम नाही," ती म्हणाली.

"खरंय गं," बाबा म्हणाले. "स्टुडिओ तुझ्या जिवावर चालतो. तुला सोयीचं असेल ते घे. माझं काय, मी बसेन खुर्चीत."

सूनबाईनं मला बाबांच्या हातात दिलं. "आधी एक फोटो काढून तर बघा."

समोर ठमी होती आणि ती एका जागी राहील तर ती ठमी कसली! ती स्टुलावर चढत होती, उतरत होती, काउंटरखाली डोकावत होती. बाबा मुलांना कधी 'हस' म्हणत नसत. त्यांची तऱ्हाच वेगळी.

"ए ठमे!" ते एकदम मोठ्यानं म्हणाले. "तुझे दात म्हणे मांजरीपेक्षा कमी आहेत?"

"कोण म्हणतं?" ठमी गर्रकन वळली, आ वासून, बोटानं दात मोजायला लागली. मोजता मोजता हिशेब चुकला आणि तिचं तिलाच हसू फुटलं. घर्रर्र, खटॅक! मी जीव तोडून ती दांडी फिरवली होती. वर्तमानपत्रात असतानासुद्धा एवढी घाई केली नव्हती.

सूनबाईनं माझ्या चिमुकल्या स्क्रीनवर फोटो मोठा करून बघितला. ठमीची एकेक पापणी वेगळी दिसत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुमचा असा आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता हो." आणि डोळे पुसून दुकानदाराकडे वळली. "हा नवा ठेवून घ्या. आम्हाला तो द्या."

"ताई, नीट विचार करा. त्याची गॅरंटी मी देणार नाही."

"गॅरंटी नको. एक जास्तीची बॅटरी द्या."

जास्तीची बॅटरी मिळाली, आणि उरलेल्या पैशांत फोटोसाठी दोन दिवेही आले. अशी ती लेन्स माझ्यावर बसली ती बसलीच. मला पहिल्यांदा कायमची सोबत मिळाली.

सगळं गोडगोडच झालं असं नाही हं. कुणाला भिंतभर मोठा फोटो हवा असायचा, तेवढं माझ्या कुवतीत नव्हतं, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. तेव्हा सूनबाईचा चेहरा उतरायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण लहान मुलांचे आईबाप आमच्याकडेच यायचे. दारातली खुर्ची आता त्यांना बसायला लागायची, बाबांना तिच्यावर टेकायला सवड नसायची. दोन पैसे गाठीला लागल्यावर सूनबाईनं आणखी एक कॅमेरा घेतला, चांगला नवा, मोठ्या फोटोंसाठी. पण आता ती शहाणी झाली होती. दुकानात गेल्या गेल्या तिनं त्याच्या तोंडात डोकावून आधी दांडी आहे का ते बघितलं. दुकानातला माणूस बघतच राहिला.

मला वाटलं, आपलं काम संपलं. आता पुन्हा कपाट. पण बाबांची नजर दिवसेंदिवस मंद होत चालली होती, आणि त्यांच्या बोटांना माझं एकेक बटण पाठ होतं. नव्या कॅमेऱ्यावर ती बोटं चाचपडायची, माझ्यावर सरसर चालायची. त्यामुळं मोठं काम सूनबाई नव्यावर करायची आणि मुलांचं काम बाबा माझ्यावर.

आणि नेमकं गेल्या हिवाळ्यात, सूनबाईच्या हातात असताना, माझं शटर तुटलं. शटर म्हणजे फोटो काढताना क्षणभर उघडणारा आतला पडदा. खटॅकच्या ऐवजी नुसतंच 'क्यूं' झालं आणि मी आंधळा झालो. सूनबाईनं मला गुपचूप पिशवीत घातलं, "सफाईला देते हं, बाबा," असं सांगितलं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

त्यानं मला उघडून बघितलं आणि मान हलवली. "याच्या दुरुस्तीला जेवढे लागतील ना, तेवढ्यात असे दोन येतील. कशाला नादी लागताय?"

"तुम्हाला मी काय विचारलं?" सूनबाई म्हणाली. "दुरुस्त होईल का?"

"होईल. पण…"

"मग करा. आमच्या बाबांची बोटं याच्यावर बसलीत. ती कुठं मिळतील सांगा, मी लगेच दुसरा घेते."

मी परत आलो त्या सकाळी बाबांनी मला ओंजळीत घेतलं, अंगावरून बोट फिरवलं, आणि आवाज ऐकायला नुसताच एक फोटो काढला. खटॅक.

"सफाई नाही ही," ते म्हणाले. "पडदा बदललास. एवढा खर्च कशाला गं माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी कुठं? मला रोज एवढं काम एकटीनं झेपत नाही, म्हणून," सूनबाई तोंड फिरवून म्हणाली.

बाबांनी माझा पट्टा गळ्यात अडकवला आणि दाराकडे बघून आवाज दिला, "बाहेर कोण बसलंय? पाठवा आत!"

मित्रांनो, त्या बाईंनी दांडी बसवली, त्या धसमुसळ्या मालकांनी मला जग दाखवलं, दुकानदारानं कचऱ्यातून वर काढलं, आणि सूनबाईनं तर दोनदा जीवदान दिलं. या चौघांचे उपकार मी कसे फेडणार? तुम्हाला एवढंच सांगतो. एखादी वस्तू ठेवून देताना तिच्या पोटातली बॅटरी आठवणीनं काढा. आणि कुणाला 'आता हे बाद झालं' म्हणायच्या आधी, वस्तू असो की माणूस, त्याला दुसऱ्या कुणाशी तरी एकदा जोडून बघा.