असा शब्द नाही

“प्लास्टिक काढू नका, बाई! नवे दिसले पाहिजेत ते.”

मोठे सर कपाटापुढे उभे राहून टॅबवर प्लास्टिकचे कागद चिकटवत होते. पुन्हा. बाईंनी ते कधीच सोलून फेकले होते, कारण त्यांच्यावरून पोरांची बोटं नीट चालत नव्हती. सरांनी नवे आणवले. वस्तू नवी ठेवायला हा माणूस जेवढा घाम गाळायचा, त्याच्या निम्मा वापरायला गाळला असता, तर शाळेचं सोनं झालं असतं.

बाईंनी एक टॅब चालू केला. पोरांनी भरलेली शब्दांची यादी रिकामी होती.

“सर, आमचे शब्द कुठे गेले?”

“काल नव्या सरांकडून सगळे टॅब कोरे करून घेतले. काय काय भरून ठेवलं होतं तुम्ही! थापी, तुरपाई, पाना... तपासणीच्या मॅडमनी हात लावला आणि पडद्यावर थापी आली तर? आज पोरं फक्त कमळ लिहितील. तालीम झालीय.”

“आणि मी?”

“तुम्ही मागे बसा. वर्ग नवे सर दाखवतील. सोमवारपासून तेच घेतील. तुम्हाला वाचनालय देतो. शांत खोली आहे.”

“तिला कुलूप असतं, सर. पोरं फिरकत नाहीत तिकडे.”

“म्हणून तर शांत आहे.”

बाईंनी आयुष्यभर तिसरीचाच वर्ग घेतला होता. पदर कायम खडूने माखलेला, म्हणून शाळेने नाव ठेवलं होतं खडूबाई. टॅब आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता कुरकुर करणार. म्हातारीने केलीच. टॅब कपाटात का कोंडलेत, म्हणून केली. रोज किल्लीसाठी भांडली, मधल्या सुट्टीत भांडली, हजेरीच्या वेळी भांडली, आणि टॅब वर्गात आणले.

पडद्यावर चित्र यायचं, पोरांनी शब्द लिहायचा, बरोबर आला की टाळ्या वाजायच्या. दीपगृह. पेंग्विन. हिमनग. पोरं पटापट शिकली. टाळ्या कुणाला नको असतात?

मग एके दिवशी गवंड्याच्या मुलीने रिकाम्या चौकटीत आपल्या मनाचा शब्द लिहिला. ही मुलगी वर्गात मान हलवून उत्तर द्यायची. पोरं तिला मुकी म्हणायची. तिने लिहिलं, ‘ओळंबा’. पडदा लाल झाला. ‘असा शब्द नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

मुलीने टॅब पालथा घातला.

कोण ठरवतं हो हे? गार खोलीत बसून ज्यांनी हे यंत्र भरलं, त्यांच्या खोलीच्या भिंती काय नजरेने सरळ आल्या? कुणीतरी दोरीला वजन बांधून, एक डोळा मिटून ती भिंत उभी केली. त्या दोरीला शब्द नाही म्हणे. आणि पोरीने पुन्हा प्रयत्न करायचा! कसला? बाप बदलायचा?

बाई त्या दिवशी यंत्राच्या पोटात शिरल्या. दिसेल ते बटण दाबलं, दोनदा सगळं बंद पाडलं, आणि शेवटी एका कोपऱ्यात सापडलं: ‘नवा शब्द जोडा’. दुसऱ्या दिवसापासून पोरं घरून वस्तू आणू लागली; शिंप्याच्या मुलाने तुरपाई घातलेली बाही आणली. वस्तूचा फोटो, खाली शब्द, आणि आणणाऱ्याच्याच आवाजात उच्चार. गवंड्याची मुलगी वर्गात पहिल्यांदा मोठ्याने बोलली ती त्या टॅबच्या कानात.

ते सगळं काल पुसलं गेलं होतं.

मॅडम आल्या. दाराशीच त्यांना रेशमी फितीने बांधलेला गुच्छ दिला गेला. नवे सर पुढे, बाई शेवटच्या बाकावर. मोठे सर बोटात किल्ल्यांचा जुडगा फिरवत होते. पोरांनी कमळ लिहिलं. टाळ्या वाजल्या. मॅडमनी जांभई दाबली. कमळ त्यांनी त्या आठवड्यात प्रत्येक शाळेत पाहिलं असावं.

“तू गं, खिडकीजवळची. तुला हवा तो शब्द लिही.”

मोठ्या सरांनी डोळे वटारले. ओठांनी ‘कमळ, कमळ’ केलं.

मुलीने लिहिलं. पडदा लाल झाला. ‘असा शब्द नाही.’

“लहान आहे, मॅडम,” सर हसले. “चुकली.”

बाई बाकावरून अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. आत्ता आपण बोललो, तर ही पोर कायमची मुकी राहील.

मुलगी उभी राहिली. टॅब पालथा घातला नाही.

“मी नाही चुकले. त्याला माहीत नाही.”

मॅडमनी टॅबच्या लाल पडद्याकडे पाहिलं.

“मग त्याला सांग की,” मॅडम म्हणाल्या.

तिने प्लास्टिक टराटरा सोललं. कोपऱ्यातलं ‘नवा शब्द जोडा’ दाबलं. शब्द लिहिला. फोटोची चौकट रिकामी होती. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि मॅडमच्या गुच्छाची फीत सोडवली. मग मोठ्या सरांपुढे हात पसरला.

“किल्ल्या द्या.”

“अगं ए!”

“द्या हो सर,” मॅडम म्हणाल्या. “मलाही बघू दे.”

तिने फितीला जुडगा बांधला, स्टुलावर चढून फळ्याच्या कडेशी फीत धरली. जुडगा हलला, डुलला, थांबला. तिने एक डोळा मिटला.

“फळा वाकडा आहे.”

सगळ्यांना दिसलं. फीत सरळ, फळा तिरका. इतकी वर्षं त्या फळ्यावर सरळ ओळी मारायला लावत होते पोरांना!

वर्ग असा हसला की खिडक्या वाजल्या. मॅडम सगळ्यात मोठ्याने. हसता हसता त्यांनीच टॅबवर फोटो काढला, आणि मुलीने त्यात आपल्या आवाजात उच्चार भरला.

“सर, हे फार छान शिकवलंत.”

नव्या सरांचे कान लाल झाले. “मी नाही मॅडम. मी पुसलं. शिकवलं बाईंनी.”

“कुठल्या बाईंनी?”

“खडूबाई!” सगळा वर्ग ओरडला, आणि मग शिंप्याच्या मुलाने जीभ चावली.

मॅडम मागच्या बाकापर्यंत चालत गेल्या. “सोमवारी मी परत येते. तुमच्या वर्गात बसायला. चालेल?”

“माझ्या वर्गात,” बाई मोठ्या सरांकडे पाहत म्हणाल्या, “चालेल की.”

सोमवारी फळा सरळ करायला मुलीचे वडील आले. आजवर त्यांना शाळेने बोलावलं ते तक्रारीसाठीच. म्हणून चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले होते.

“बाई, माझ्या किल्ल्या,” मोठे सर हळूच म्हणाले. जुडगा अजून फितीसकट फळ्याच्या खिळ्याला टांगलेला होता.

“कपाट उघडंच आहे, सर. घाई काय?”

मुलीने वडिलांपुढे टॅब धरला. त्यांनी बोट टेकवलं. सिमेंटने खाल्लेलं, रेषा झिजलेलं बोट. पडद्याला ते कळेना. त्यांनी हात मागे घेतला.

“बाबा, करंगळीने.”

त्यांनी करंगळी टेकवली. वर्गभर मुलीचा आवाज घुमला, “ओळंबा.”

त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं. त्यांनी करंगळी पुन्हा टेकवली. मग हात पँटला पुसून, पिशवीतून खरा ओळंबा काढून ते फळ्याकडे वळले.