दोन बहिणींच्या डोक्यावरची टोपी

मित्रांनो, मी टोपी आहे. जुनी, विटलेली, निळ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची. ऊन, वारा, थंडी यांपासून मी कुणाला वाचवत नाही आणि मला घालून कुणी रुबाबदार दिसल्याचंही आठवत नाही. माझ्या अंगावर बत्तीस भोकं आहेत. प्रत्येक भोकात धातूची एक छोटी चकती आणि तिच्यातून निघणारी एक बारीक तार. आरशात मला पाहून लोक हसतात, पण मी ते मनाला लावून घेत नाही. माझं काम मिरवण्याचं नाही, ऐकण्याचं आहे. माणसाच्या मेंदूत सतत बारीकशी वीज खेळत असते, ती मी कवटीबाहेर बसून टिपते.

मला एका चष्मेवाल्या बाईंनी शिवलं. चकती बोटभर जरी सरकली तरी मोजमाप चुकतं, म्हणून प्रत्येक टाका घालताना त्या श्वास रोखून धरत. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पुढे खोक्यात बसून मी एका इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आले. तिथे एक खुर्ची होती, एक पडदा, एक संगणक, हात धुवायचं बेसिन आणि भाऊ.

भाऊ म्हणजे तिथले तंत्रज्ञ. त्यांना सगळेच भाऊ म्हणत, वयाने मोठ्या असलेल्या डॉक्टरबाईसुद्धा. मला कुणाच्या डोक्यावर बसवलं की ते बोथट सुईने एकेका चकतीखाली थंडगार जेल भरत. काम संपलं की कोमट पाण्यात बाळाच्या शाम्पूने मला धूत, मऊ ब्रशने चकत्या घासत आणि प्लास्टिकच्या डोक्यावर वाळत घालत. माझ्या जोडीने आलेल्या टोप्या कधीच मोडीत निघाल्या. मी अकरा वर्षं टिकले ती त्यांच्या हातांमुळे.

डॉक्टरबाई अर्धशिशीचा अभ्यास करत होत्या. अर्धशिशी ही साधी डोकेदुखी नव्हे. ती उठली की उजेड टोचतो, आवाज सोसवत नाही, पोटातलं उलटून पडतं. अशा माणसाचा मेंदू डोकं दुखत नसतानाही काही वेगळा वागतो का, हे बाईंना पाहायचं होतं. त्यासाठी पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी दाखवत. सेकंदाला तीन वेळा काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं व्हायचं, आणि दर वेळी मेंदू एक इवलंसं उत्तर द्यायचा. एकटं उत्तर गोंगाटात हरवून जातं, म्हणून शंभर उत्तरांची सरासरी काढायची. ती झाली एक फेरी. अशा सहा फेऱ्या. बाईंचा कयास असा होता की साधा मेंदू तेच तेच पाहून कंटाळतो आणि त्याचं उत्तर फेरीगणिक लहान होत जातं, पण अर्धशिशीवाल्याच्या मेंदूला अशी सवय लागत नाही. इतर ठिकाणच्या काही अभ्यासांत तसं दिसलं होतं, काहींत नव्हतं.

सहा महिन्यांत चाळीस माणसं झाली, पण फरक म्हणून काही दिसेना. संगणकावर सगळ्यांच्या उत्तरांची रेघ सारखीच. बाई शेवटी म्हणाल्या की हा महिना बघू, नाहीतर हे काम बंद करू.

त्याच आठवड्यात कापडगिरणीत माग चालवणाऱ्या एक विणकर बाई आल्या. महिन्यातले आठ-दहा दिवस त्यांचं डोकं उठायचं. सोबत त्यांची थोरली बहीण होती आणि तिच्या कपाळावरची आठी काही जात नव्हती. दोघी एकाच शेडमध्ये, शेजारशेजारच्या मागांवर. धाकटी घरी राहिली की थोरलीला दोन्ही मागांकडे बघावं लागे. "मीही त्याच आवाजात उभी असते, मग मला कसं काही होत नाही?" असं ती धाकटीच्या देखत भाऊंना म्हणाली. धाकटी कामचुकार आहे, हे तिने मनात पक्कं केलं होतं.

भाऊ जेल भरत असताना धाकटी हळूच म्हणाली, "यातून काही निघालं नाही ना भाऊ, तर मीसुद्धा स्वतःला खोटीच म्हणेन."

पहिली फेरी झाली. भाऊ सवयीप्रमाणे म्हणाले की डोळे मिटा, दोन मिनिटं आराम करा. मित्रांनो, ही विश्रांती बाईंच्या कागदावर नव्हती. चौकटी बघून लोकांच्या डोळ्यांना पाणी येई, ते भाऊंना बघवत नसे. एवढ्याशा गोष्टीची नोंद कशाला करायची, म्हणून त्यांनी ती वहीतही लिहिली नव्हती.

पण धाकटी म्हणाली की थांबायला नको. का, असं भाऊंनी विचारलं. तिने सांगितलं, "सकाळी माग सुरू झाले की सगळ्यांचेच कान फाटतात. दहा मिनिटांनी बाकीच्यांना आवाज जाणवतसुद्धा नाही. जेवणाची सुट्टी झाली, माग परत सुरू झाले, की सगळ्या पुन्हा कानावर हात ठेवतात. मला मात्र सुट्टी असो नसो, दिवसभर सकाळसारखंच ऐकू येतं."

भाऊंचा हात बटणावरच राहिला. जो फरक शोधायला सगळे बसले होते, तो त्यांच्याच विश्रांतीने पुसून टाकला होता. दर फेरीनंतर ते प्रत्येक मेंदूला ताजातवाना करत होते, मग त्याला कंटाळा येणार कधी? चाळीस माणसांचं काम त्यांच्या मायेने वाया गेलं होतं. ते मूग गिळून बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. काम बंद पडलं असतं, एवढंच.

त्यांनी मला धाकटीच्या डोक्यावरून काढलं आणि हातात तशीच धरून बाईंच्या खोलीत गेले. "बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी मध्ये विश्रांती देत होतो. सगळ्यांना." बाईंनी सांगितलं की आधी हे वहीत लिहा, आणि यातली किती माणसं पुन्हा येतील ते विचारा. भाऊंचा जीव भांड्यात पडला आणि माझाही.

पुढच्या शनिवारी दोघी बहिणी परत आल्या. तुलनेसाठी कधीच डोकं न दुखणारं माणूस हवं होतं. थोरली म्हणाली की घाला माझ्या डोक्यावर, होऊन जाऊ दे एकदाचं. आधी धाकटी बसली, मग ती. सहाच्या सहा फेऱ्या सलग झाल्या. थोरलीची रेघ पहिल्या फेरीत उंच होती, ती उतरत उतरत सहाव्या फेरीत निम्मी झाली. धाकटीची उतरलीच नाही. उलट सहाव्या फेरीत जराशी वर चढली.

बाईंनी लगेच सांगितलं की दोन रेघांनी काही सिद्ध होत नाही, पुष्कळ माणसं मोजावी लागतील, आणि हे काही औषध नव्हे. धाकटीने मान डोलावली. थोरलीने भाऊंना दोन्ही रेघा पुन्हा दाखवायला लावल्या.

"मला वाटायचं, मी सोसते आणि हिला सोसवत नाही," ती म्हणाली. "मी तर ऐकतच नव्हते गं."

मी अजून तिच्याच डोक्यावर होते. तिने धाकटीला तशीच मिठी मारली आणि सगळं जेल धाकटीच्या गालाला लागलं. पुढे धाकटीला कापड तपासायच्या शांत खोलीत काम मिळालं. त्यासाठी गिरणीच्या साहेबांकडे शब्द टाकायला थोरलीच गेली होती.

वर्षभरात खूप माणसं पुन्हा येऊन बसली. सगळ्यांत नाही, पण पुष्कळांत तो फरक दिसला आणि काम चालू राहिलं. मग माझ्या दोन चकत्या मुक्या झाल्या, कापड सैल पडलं, नवी टोपी आली. काही महिने मी खणात वाळक्या जेलसकट पडून होते आणि तेव्हा मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही. आता शिकाऊ मुली माझ्यावर हात बसवतात, सुईने मला टोचतात आणि संध्याकाळी धुऊन ठेवतात. मी समाधानी आहे. कितीतरी माणसांनी विश्वासाने आपलं डोकं माझ्या हवाली केलं, याहून जास्त एका टोपीने काय मागावं?

तरी एक मागते. तुमच्या घरात कुणी डोकं धरून बसलं आणि म्हणालं की आवाज कमी करा, तर खरं की खोटं ते विचारत बसू नका, मित्रांनो. आधी आवाज कमी करा. मोजायचं काम आम्ही करू.