लाटेचं शेपूट

मैत्रेयी नगराळेला सोनेगव्हाणात सगळे मशीनवाली बाई म्हणायचे. वणीकडच्या एका उघड्या कोळसाखाणीला लागून ते गाव होतं. खाणीत रोज दुपारी दोनला सुरुंग उडत, आणि ते उडाले की गावच्या जमिनीला किती हादरा बसतो हे मोजायचं काम मैत्रेयीचं. ती खाणीची नोकर नव्हती. नागपूरच्या एका मोजणी कंपनीनं तिला इथं ठेवलं होतं. मुठीएवढं एक यंत्र जमिनीत घट्ट रोवायचं, त्याच्या वायरीवरून हादरा नोंदवून घ्यायचा आणि ऑफिसात येऊन लॅपटॉपवर अहवाल काढायचा. आलेख सॉफ्टवेअरच काढी, सगळ्यात मोठा हादराही तेच शोधी, आणि शेवटी हिरव्या अक्षरांत लिही, ‘मर्यादेत’. चार महिन्यांत तिनं असे अकरा अहवाल पाठवले होते. अकराही हिरवे.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. पऱ्हाटी उभी दिसायची, पण बोंड फोडलं की आत अळी आणि सडका कापूस. जी काही चार बोंडं धड होती ती हातची जाऊ नयेत म्हणून बाया उजाडताच शेतात जात आणि दिवस कलल्यावर परतत. त्यामुळं अंगणवाडीची लेकरं एक वाजता घरी जायच्या ऐवजी कांताबाईजवळच राहत. कांताबाई अंगणवाडी सेविका, वीस वर्षांची जुनी. ही एकोणीस लेकरं तिच्याकडे कोणी सोपवली नव्हती, पण तिनं ती नाकारलीही नव्हती.

त्या दिवशी अकराच्या सुमारास मैत्रेयी अंगणवाडीच्या पायरीपाशी यंत्र रोवत होती. कांताबाई बाहेर आली आणि तिला आत घेऊन गेली. खाणीकडच्या भिंतीला खिडकीपासून छतापर्यंत भेग गेली होती. त्या भेगेत कांताबाईनं आपलं बोट घालून दाखवलं. मैत्रेयीनं नेहमीचं उत्तर दिलं, की मोजणीत हादरा मर्यादेतच येतो, भिंत जुनी आहे, काळ्या मातीत पाया खचतो. हे सगळं खोटं नव्हतं. कांताबाईनं ते ऐकून घेतलं.

“तुह्या मशीनले काय दिसते मले माहीत नाही,” ती म्हणाली. “मी काय पाह्यतो ते सांगतो. पहिले पायाखाली टरटर होते, भांडी वाजते. तवा भिंत हालत नाही. ते सारं सरते. मंग मी दोन मोजतो, अन् भिंत झोका खाते. पाळण्यावानी.”

मैत्रेयी परत निघाली, पण ते ‘मंग’ तिच्या डोक्यातून जाईना. हादरा सरल्यावर भिंत कशी हलेल? कांताबाई वाढवून सांगणाऱ्यातली नव्हती.

बारा वाजून गेले होते. खाणीच्या ऑफिसातल्या कोपऱ्यात तिचं टेबल होतं. तिथं बसून तिनं अंगणवाडीपाशी घेतलेला मागच्या महिन्यातला एक आलेख उघडला. अहवालात तो हाताच्या बोटाएवढा छापला जायचा. सुरुवातीला काट्यांचा एक झुबका, त्यावर लाल खूण, पुढं सपाट होत गेलेली रेघ. लाल खुणेपाशी आकडा सेकंदाला नऊ मिलिमीटरच्या आतला, कंप जलद. जलद कंपाला पंधरापर्यंत परवानगी होती. इथवर सगळं बरोबर.

मग तिनं झुबक्याच्या पुढच्या सपाट रेघेवर माउस ओढला आणि तेवढाच तुकडा मोठा केला.

रेघ सपाट नव्हतीच. काट्यांच्या जागी रुंद, संथ लाटा होत्या, एकामागे एक, बैलाच्या पाठीसारख्या. तिनं आडव्या दिशेचा आलेख वर घेतला, लाटेच्या एका माथ्यावर रेघ ठेवली, दुसरी रेघ पुढच्या माथ्यावर नेली. सेकंदाला सहा हेलकावे. उंची सहा पूर्णांक आठ. एवढ्या संथ कंपाला मर्यादा पंधराची नव्हती, पाचची होती. संथ कंप घरालाच झोके देतो, म्हणून.

सॉफ्टवेअर चुकलं नव्हतं. त्याला सगळ्यात उंच काटा शोधायला सांगितलं होतं, त्यानं तो शोधला होता. मागून येणारी लाट काट्याहून बुटकी, म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. मैत्रेयीनं दुसरा आलेख उघडला, तिसरा उघडला. मुरमाड टेकाडावर घेतलेल्या नोंदीत संथ लाटांचं हे शेपूट नव्हतं. काळ्या मातीतल्या अंगणवाडीच्या सहाही नोंदींत होतं.

समोरच्या फळ्यावर आजचा सुरुंग लिहिलेला होता. दोन दिवस काम बंद होतं, म्हणून आज दारू भरायची होलं दुप्पट.

तिनं नागपूरला कंपनीतल्या कपिलला फोन लावला. अहवालांवर सही त्याची असे. त्यानं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं, की फाइल पाठव, सोमवारी बसून पाहू, तोवर खाणवाल्यांशी एक शब्द बोलू नकोस. अकरा अहवाल परत घ्यायचे म्हणजे काय होतं ते तुला कळतं का, असंही त्यानं विचारलं. तिला कळत होतं. घरी राजूरला तिच्याच पगारावर घर चालत होतं. घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती. सोमवार तीन दिवसांवर होता.

तिनं लॅपटॉप तसाच उघडा उचलला आणि पुंडलिकराव पिंपळशेंड्यांच्या खोलीत गेली. सुरुंगांची सगळी जबाबदारी त्यांची, तीस वर्षं त्यांनी तेच केलेलं. ते डबा खात होते. तिचं बोलणं ऐकून ते म्हणाले, की मॅडम, आकडा नऊच्या आत आहे, मर्यादा पंधरा आहे, तुमच्याच अहवालात लिहिलंय. आवाज चढला नव्हता, पण घास हातात थांबला होता.

मैत्रेयीनं समजावायचा प्रयत्न सोडला. तिनं लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला, माउस त्यांच्या हाताशी सरकवला.

“साहेब, तुम्हीच ओढून पहा.”

पुंडलिकरावांनी हात पुसला. त्यांनी शेपटाचा तुकडा मोठा केला, दोन्ही रेघा स्वतः लावल्या, आकडा वाचला. एक रेघ उचलून पुन्हा लावली. आकडा तोच आला. मग त्यांनी न सांगता दुसरी नोंद उघडली. एक वीसला त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“होलं भरून झालेत,” ते म्हणाले. “भरलेलं होल तसं सोडता येत नाही. आज उडवाच लागते.”

“मग?”

“एका वख्ती दोन-दोन उडणार होते. जोडणी खोलून एकेक करतो, मधला वेळ वाढवतो. तासभर लागन. तुम्ही लेकरं काढा.”

बाहेर जाता जाता त्यांनी वायरलेसवर सुरुंगाआधीचा दोनचा भोंगा थांबवायला सांगितलं. कारण विचारणाऱ्याला एवढंच म्हणाले, की माझ्या सहीनं थांबवला म्हणून लिहा.

गावापर्यंतचा रस्ता दोन किलोमीटरचा, पण कोळशाच्या ट्रकांनी फाडलेला. मैत्रेयीची स्कूटी दोनदा घसरली. अंगणवाडीत लेकरं जेवून आडवी झाली होती, काही त्या भिंतीला पाय लावूनच. कांताबाईनं कारण विचारलं नाही. मैत्रेयीचं तोंड पाहिलं आणि लेकरं उठवायला लागली. झोपमोडीनं काही रडली. दोघींनी मिळून त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला, समाजमंदिराच्या ओट्यावर नेलं. कांताबाईनं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. अठराच.

एक पोरगी कमी होती, भुरीबाईची नात. कांताबाई वळायच्या आत मैत्रेयी पळाली. पोरगी अंगणवाडीतच होती, पाण्याच्या माठामागं, पांघरुणात गाढ झोपलेली. तिला उचलून मैत्रेयी बाहेर आली. भोंगा अजून व्हायचा होता, हे माहीत असूनही ती ओट्यापर्यंत थांबली नाही.

तीनला पाच मिनिटं असताना भोंगा झाला.

मैत्रेयी आणि कांताबाई अंगणवाडीपासून शंभर पावलांवर रस्त्यात उभ्या राहिल्या. पायाखाली टरटर झाली, नेहमीपेक्षा लांबत गेलेली. खाणीवर धुळीचा लोट उठला. टरटर सरली. कांताबाईचे ओठ हलत होते. एक. दोन. भिंतीतून मातीची एक धार खाली सांडली, खिडकीचं दार एकदा आपटलं. दोघी कितीतरी वेळ बघत राहिल्या. भिंत उभी होती.

मैत्रेयीनं पायरीवर बसून नोंद लॅपटॉपवर घेतली. शेपटाचा आकडा चार पूर्णांक एक. पाचच्या आत. दोन-दोन होलं उडाली असती तर काय आलं असतं, ते तिनं मनातही मांडलं नाही. तिनं कांताबाईला रेघ दाखवली, हाच तुमचा झोका म्हणून सांगितलं.

“अन् याच्या आंधीचे?”

मैत्रेयीनं मागची एक नोंद उघडली. तिथल्या लाटा जवळजवळ दुप्पट उंच होत्या. कांताबाईनं तारीख विचारली. ती पोळ्याच्या आदल्या दिवसाची निघाली.

“त्याच दिवशी भेग खिडकीपासून वर गेलती,” कांताबाई म्हणाली. “मी सरपंचाले नेऊन दाखवली. त्यानं तुमचा कागद काढला. हादरा बरोबर हाय, तूच येडी, म्हणे. तो कागद कोनं केलता?”

“मीच केला,” मैत्रेयी म्हणाली. “अकराही मीच केले. हे सगळं तेव्हाही आलेखात होतं. मी मोठं करून पाहिलं नाही.”

कांताबाई रागावली नाही, समजूतही घातली नाही. आत जाऊन तिनं भेटीचं रजिस्टर आणलं. तालुक्याहून येणारे साहेब त्यात दोन ओळी लिहून जात. ‘काम समाधानकारक’ असल्या. तिनं नवं पान काढून पेन पुढं केला.

“मंग आता लिवून दे. तारखा टाकून.”

मैत्रेयीच्या मनात कपिलचं बोलणं येऊन गेलं. मग तिनं अंगणवाडीच्या सहाही नोंदींच्या तारखा लिहिल्या, प्रत्येकीपुढं संथ लाटेचा आकडा, त्याची मर्यादा, आणि आधीच्या अहवालात हा भाग पाहिला गेला नव्हता हे वाक्य. खाली पूर्ण नाव घालून सही केली. लिहायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ कांताबाई शेजारी उभी होती.

पुढच्या आठवड्यात कंपनीनं तिला वणीहून काढून नागपूरच्या ऑफिसात बसवलं, आणि महिन्याभरात तिनं ती नोकरी सोडली. पण त्या पानाची झेरॉक्स जोडून ग्रामपंचायतीनं खाणीविरुद्ध अर्ज केला होता, आणि सुरुंगांची जोडणी त्या दिवशी बदलली ती का बदलली, हे पुंडलिकरावांनी त्यावर झालेल्या चौकशीत स्वतःच्या तोंडानं सांगितलं. अंगणवाडी समाजमंदिरात गेली. मार्चात ती भिंत मजुरांनी पाडली. एका बाजूनं कुदळ लावली, तर सगळी एकदमच खाली आली, असं कांताबाईनं मैत्रेयीला फोनवर सांगितलं.